पुडी

माझं औषधांचं दुकान बंदरापासून बावीस पावलांवर.
सकाळी साडेसहाला शटर अर्धंच वर करते,
पाणबुड्या बायकांना वाकून आत यायची सवय आहे.
रबरी पोशाख करकरत येतात,
कमरेला शिशाचे ठोकळे,
काउंटरवर नाणी ठेवतात, बोलत नाहीत.
मी विचारत नाही.
पांढरी पूड. डोकेदुखीवरची,
त्यात पेलाभर कॉफीची तरतरी.

डोकं अजून दुखत नसतं.
दुखेल, म्हणून घेतात.
दहा मीटर खाली पाणी कवटी दोन्ही हातांनी धरतं
आणि लिंबासारखी पिळतं.
थोरली ग्वाक-सून म्हणते,
एकदा पुडी न घेता गेले,
तर समुद्रानं ओळखच दिली नाही.

माझी आई, बू मल-सुक,
चौसष्ट वर्षं जेजू बेटाच्या या काठाला बुड्या मारत होती.
ठेच लागावी, तहान लागावी, दम लागावा,
तशी तिला ती खोली लागली.
खाली काय आहे गं, मी लहानपणी विचारलं होतं.
म्हणाली, वर मी सारखी कुणाची तरी असते.
खाली फक्त दीड मिनिट असते.

आणि हेही तिनंच सांगितलं:
बुडतात त्या दम संपला म्हणून नाही बुडत.
वर यायला निघालेल्या असतात,
आणि खडकाच्या सांदीत एक मोठा शिंपला दिसतो.
एकच.
हात वळतो.
फुफ्फुसात किती उरलंय
हे हाताला कुठे ठाऊक असतं!

गेल्या शरदात सोसायटीनं तिचं नाव पाटीवरून पुसलं.
वय त्र्याऐंशी. नारिंगी तरंगा
काळ्या दगडांच्या भिंतीवर उलटा टांगला,
त्यात आता चिमण्या.
डोकेदुखी मात्र निवृत्त झाली नाही.
भरतीच्या वेळेला यायची,
रोज पन्नास मिनिटं उशिरा,
समुद्रासारखीच.
दोन पुड्यांच्या चार झाल्या, चाराच्या सात.
डॉक्टरनं पोटाचा फोटो दाखवला आणि माझ्याकडे बघितलं,
तुम्हीच ना औषधवाल्या, अशा नजरेनं.

मग मी रात्री पुड्या उघडू लागले.
पाव चमचा पूड काढायची, पाव चमचा तांदळाचं पीठ.
नंतर अर्धा.
जानेवारीत सगळंच पीठ.
आणि डोकं थांबलं.
अठरा दिवस मी जिंकले होते.

एकोणिसाव्या दिवशी मुळ्याचं सार पिता पिता म्हणाली,
समुद्रात पाणी ओततेयस.
मी भांडी गोळा करायला उठले.
तिनं कागद उलगडला, जिभेनं स्वच्छ चाटला,
चौकोनी करून परत दिला.
घडी छान घालतेस, म्हणाली.
तेवढी सोडू नकोस.

आता कधी कधी विसरते ती.
पुडी तिच्या ॲप्रनच्या खिशात धुतली जाते, खळ होते.
मी नाही विसरत.
रात्री अकराला अंगठ्याच्या पोटात काहीतरी सुरू होतं.
कागद, चमचा, तीन घड्या,
नखानं दाबलेली कड.
एके रात्री मुद्दाम नाही केली.
दोन वाजता उठून सात केल्या.
नवरा दारात उभा होता.
पीठ संपलंय का, एवढंच विचारलं त्यानं.

सकाळी बंदराकडून शिट्ट्या येतात.
वर आल्यावर बायका कोंडलेला श्वास सोडतात त्याचा तो नाद,
उंच, चिरलेला.
दुखतंय की बरं वाटतंय
आवाजावरून कळत नाही, त्यांनाही कळत नसावं.
एक शिट्टी विरली की पुढची येईपर्यंत
काउंटरमागे, कोरड्या फरशीवर,
मी तोंड मिटून मोजत राहते.

काल एक्क्याऐंशीपर्यंत गेले.