गार होऊ देऊ नका

किमो उद्या सकाळी.
आज दुपारी सिस्टर म्हणाली,
"आधी कुणी बोललं नाही तुमच्याशी?"
कुणीच नाही.
निकेत सतराचा. फॉर्म वाचून कानापर्यंत लाल.
मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, दोनदा.

खारघरच्या या हॉस्पिटलात सोय नाही, वाशीला आहे.
तासाभरात पोचवा, गार होऊ देऊ नका.

डबी बनियनच्या आत, पोटाला लावून
भाच्याच्या स्कूटरवर मागे बसलो.
उरण फाट्याला ट्रेलर आडवा,
भाचा हॉर्न बडवतोय.
निकेतच्या वेळी हीसुद्धा अशीच बसायची,
खड्डा आला की दोन्ही हात पोटावर.

वाशीत वर्षाचं भाडं भरलं,
गाळ्याचं भरतो तसं.
डबी आत गेली.

रात्री बनियन काढलं
तर बेंबीशेजारी
झाकणाचा गोल, अजून लालसर.