पाटीखालची पाटी

तीन नंबरच्या गाडीची पाटी
भंगारवाल्यानं वजनात धरली होती.
ऐंशी रुपये देऊन सोडवली.
आता ती अंगणात, गोणपाटावर आडवी,
आणि मी मोडक्या पत्तीनं खरवडतेय.

वरचा निळा माझाच.
‘इंदौर – हातोद’. साल एक्याण्णव.
बाबांचा हात कापायला लागला होता,
ब्रश मी घेतला, ‘द’ पोटुळा झाला.
लांबची परमिटं तोवर विकून झाली होती,
मॅटाडोरवाले पाच मिनिटं आधी सुटून
बडा गणपतीपासूनच सवारी उचलून न्यायचे.
मांगीलाल कंडक्टर रिकाम्या बाकांना हाळी द्यायचा,
“कां जई रिया हो?”
सवय.

निळ्याखाली हिरवा. हा जाड आहे, पोपडे उठतात.
‘इंदौर – हातोद – देपालपुर – गौतमपुरा’.
नावं मावेनात, म्हणून अक्षरं उभट केलेली,
गौतमपुरा तर कडेला पोचेपर्यंत इतका चेंगरलेला
की तिथं उतरायला माणूस सडपातळच हवा, असं मांगीलाल म्हणे.

कंपनीचं नाव श्री गंभीर मोटर सर्व्हिस.
लोकांना हसू यायचं. नाव नदीचं होतं,
आणि पावसाळ्यात नदीला हसू यायचं नाही.
रपट्यापाशी इब्राहिमभाई नागौरी इंजिन बंद करून
पायजमा खोचून स्वतः पाण्यात उतरायचे.
गुडघ्याच्या खाली, तर चला.
गुडघ्याच्या वर, तर बसा.
एकदा अख्खी रात्र बसले सगळे :
मास्तरीण पेपर तपासत, एक नवरदेव मुंडावळ्या मांडीवर घेऊन,
आणि माव्याचा डबा नासायच्या आधी
त्याच्या मालकानंच उघडून सगळीकडे फिरवला.
तिकिटाचे पैसे कुणी परत मागितले नाहीत.
भंवरलाल पाटीदारांनी वहीत लिहिलं : ‘रात, नदी, खर्चा शून्य’.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोट.
तुर्रा आणि कलंगी अंधार पडेपर्यंत एकमेकांवर आग फेकायचे,
मग दोन्हीकडची भाजलेली पोरं
याच गाडीत, एकाच बाकावर, इंदूरला एम. वाय.कडे.
बाकाचं रेक्झिन दर वर्षी नवं लागायचं.

हिरव्याखाली लाल.
‘इंदूर – हातोद’.

हो, इंदूर. भागीदारीतलं पहिलं भांडण.
हरणखेडकर म्हणाले, आमच्या घरी इंदूरच म्हणतात.
पाटीदार म्हणाले, भाऊसाब, सवारी तुमच्या घरची नाही.
बाबांनी दोघांचा चहा प्यायला
आणि एका बाजूला इंदौर रंगवलं, एका बाजूला इंदूर.
जाताना ही बाजू, येताना ती.
दोन्ही बाजूंचे पैसे लावले, हे त्यांनी आईला रात्री सांगितलं.

मला वाटलं, संपलं. लालाखाली पांढरं अस्तर,
अस्तराखाली महूच्या लष्करी लॉरीचा पत्रा.
पण अस्तर उन्हात तिरकं धरलं,
तर पेन्सिलीच्या खाचा.
बाबांच्या दोन सरळ रेघा, मध्ये अक्षरांची मापं,
आणि पूर्ण रस्ता, पहिल्याच दिवशी आखलेला :
हातोद, देपालपुर, गौतमपुरा, बडनगर.

मागितलं बडनगर, मिळालं हातोद.
पुढे अठरा वर्षांत गौतमपुऱ्यापर्यंत पोचले,
एका नावाचं अंतर राहिलं.
ते नाव कुणी कधी बोललं नाही. बाबाही नाही,
आणि ते तर रंगांच्या किमतीही जेवताना बोलायचे.

टर्पेंटाइनचा बोळा हातातच आहे.
एकदा फिरवला की पाटी स्वच्छ होईल,
मुलगा म्हणतोय, भिंतीवर छान दिसेल.
मी बोळा बाटलीच्या तोंडाशी ठेवून दिलाय.
बडनगरला मी गेलेले नाही.
गाडी किती वाजता असते, ते उद्या विचारीन.