धार

फाईल उघडायला टाकली
आणि गंगावेशीच्या कट्ट्यावर जाऊन दूध पिऊन आलो.
म्हशीची धार, तिथल्या तिथं पेल्यात, फेसासकट.
परत येऊन बघतो तर
अजून एकतीस टक्के.

हा कम्प्युटर, शाहूपुरीतला एक सायबर कॅफे बंद पडला तेव्हा
खुर्चीसकट साडेतीन हजारांना घेतलेला.
पुराच्या साली दोन आठवडे माळ्यावर उपाशी बसला.
खाली कॅमेऱ्याच्या बॅगेला बुरशी आली, ह्याला काही झालं नाही.
पंखा मात्र तेव्हापासून घरघरतो,
दम्याचा माणूस जिना चढल्यासारखा.

कॅमेरा नवा आहे. म्हणजे हप्त्यांवर.
त्याच्या कच्च्या फाईली ह्याला ओळखूच येत नाहीत.
आधी एका प्रोग्रामातून काढायच्या, दुसऱ्यात घालायच्या,
मग हा चष्मा पुसल्यासारखा थोडा वेळ घेतो
आणि म्हणतो, बरं.
भाचा म्हणतो, मामा, भंगारात घाल.
घालू की, दिवाळीनंतर.
कुठल्या दिवाळीनंतर ते तो विचारत नाही.

समोर स्टुलावर मेहरुन्निसाभाभी.
मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत मोकळी फ्रेम, आठ बाय दहा.
माप आधी घेऊन आल्यात, माणूस नंतर.
दस्तगीरचाचांचा एक धड फोटो नाही घरात.
आधारकार्डावरचा आहे,
त्यात चोरासारखे दिसतात, हे त्यांचंच म्हणणं.

माझ्याकडे एक होता.
कसबा बावड्याच्या लग्नात, उजेडाचा अंदाज घ्यायला
मंडपामागं मारलेला पहिला क्लिक.
आचाऱ्याच्या सुऱ्यांना धार लावत बसलेलं कुणीतरी.
कॅमेऱ्यावर निव्वळ काळोख दिसला,
पुसायचा राहून गेला.

एकसष्ट.

वरून एकेक पट्टी उतरते.
ताडपत्री. बांबू. पुन्हा बांबू.
वडील डार्करूममध्ये ट्रे हलवायचे तेव्हा
चेहरा सगळीकडून एकदम यायचा,
रंकाळ्यात मासा वर यावा तसा.
हा टोपीपासून सुरू करतो, क्रमानं,
तलाठी ऑफिसातल्या कारकुनासारखा.

टोपी आली. सगळं आलं, पण काळं.
मी सावलीचा काटा उजवीकडं ओढला
आणि वाळूचं घड्याळ बघत बसलो.
कच्च्या फाईलीत असतं सगळं:
कॅमेऱ्यानं पाहिलेलं,
आणि पाहूनही बोलायचं राहिलेलं.
काळ्याचं तपकिरी झालं, तपकिरीत एक कान,
दगडाच्या चाकाला जोडलेलं सायकलचं पायडल,
ठिणग्या.
सात. मी मोजल्या.

भाभी काही बोलल्या नाहीत.
पिशवीचा बंद तेवढा बोटाला गुंडाळत राहिल्या.

शार्पनचा आकडा वाढवायला गेलो तर म्हणाल्या,
"ऱ्हाऊ दे. धार सगळ्या गावाच्या सुऱ्यांना लावली.
घरातला अडकित्ता बोथटच जन्मभर."

सेव्ह केलं
आणि ब्याण्णववर अडकलं.
माऊस हलेना. पंख्यानं श्वास धरला.
चाचा पडद्यावर, ठिणग्या हवेत,
फाईल कुठंच नाही.
मी प्लगशी जाऊन उभा राहिलो, काढू का नको करत.

"असू दे की," भाभी म्हणाल्या,
"ते बी येळेवर कुठं यायचे."
आणि फ्रेम काढून
पदरानं काच पुसायला लागल्या,
आतल्या बाजूनं.