पोच

लोंढा जंक्शन फुटबॉल क्लबची वही
माझ्याकडे आली, कारण कपाट माझ्याकडे होतं.
दुसरं काही कारण नाही.
मी खेळलो तीनच मॅचेस,
त्यातली एक अर्ध्यावर सुटलेली.

पहिलं पान, एकावन्न साल:
"आज रोजी लोको शेडमागे अकरा जण जमले."
खाली सह्या नऊ.
दोघांनी अंगठे दिलेत, इंजिनच्या तेलाचे.
शाई फिकटली, ते अजून ठळक.

अध्यक्ष इनास रेबेलो, फायरमन.
खजिनदार सातेरी घाडी, गँगमन.
कॅप्टन बाबाजान किल्लेदार, त्याचा डावा पाय म्हणजे
पॉइंट्समनचा खटका:
बॉल या रुळावरून त्या रुळावर, आवाज न करता.
वर्गणी महिना दोन आणे.
मल्लेशी अंगडीची बाकी, सहा आणे,
ती पानापानावर पुढे ओढलेली,
नवे पैसे आले तेव्हा सदतीस पैसे झालेली.

गोलचे खांब मोडीतल्या रुळांचे,
चार हात जमिनीत गाडलेले.
शर्ट गार्डच्या जुन्या झेंड्यांचे,
पाच जण लाल, सहा हिरवे.
खानापूरची टीम हसली:
"थांबायचं काय जायचं, ठरवा की आधी!"
पाच-शून्य. वहीत लिहिलंय, "मैदान ओलं होतं."

मग चोपन्न.
बाबाजानची किक चालत्या मालगाडीत पडली.
रिकामा डबा, मुरगावकडे.
रेबेलोनं कॅसलरॉकला तार ठोकली.
उत्तर आलं: गाडी घाट उतरली,
खाली पोर्तुगीज, चौकशी होणे नाही.
पुढच्या वर्षी गाडीच बंद पडली.

नवा बॉल आणला, अकरा रुपये.
तरी दर सभेत, सात वर्षं, एक ओळ:
"जुन्या बॉलबाबत काही कळले नाही."

बासष्टला गाडी परत आली.
कुळ्याचा कुणी गार्ड उतरला,
गोणपाटात गुंडाळलेला बॉल घेऊन.
रेबेलोनं तो फिरवून फिरवून बघितला.
आमचा बारा पट्ट्यांचा होता.
हा अठरा, टाके दुसऱ्याच कुणाच्या हातचे.
गार्ड टोपी काढून उभा.
रेबेलोनं पेन मागितलं, पोच लिहून दिली:
"आमचा बॉल मिळाला. हवा कमी."

पुढची पानं कानडीत.
सेक्रेटरी बसवण्णी हुक्केरी, अक्षर मोत्यासारखं.
मला वाचता येतं, हळूहळू, बोट ठेवून.
गोलला तो गोलु लिहितो,
हार मात्र तेवढीच.

शहाऐंशीत क्लबची पाटी
एका रात्री कुणी रंगवली,
दुसऱ्या रात्री दुसऱ्या कुणी,
तिसऱ्या रात्री पाटीच गेली.
रंगाचा डबा दोन्ही वेळा एकच होता म्हणतात,
रेल्वेचाच, करडा.
रस्त्यावर टायर जळत होते त्या रविवारी
सात-सात जण खेळले.
वहीत त्या तारखेला कुठलीच भाषा नाही.
फक्त ३–३.

मग रूळ रुंद झाले.
शेड बंद. हजेरीच्या रकान्यात
गैरहजर असं लिहिलेलं नाही,
नावापुढे गावं लिहिलीत:
हुबळी. मिरज. वास्को. हुबळी. हुबळी.
किल्लेदारापुढे तारीख, नुसती.

मैदानावर खडी ओतली.
भंगारवाल्यानं एक खांब उपटून नेला,
तीन दिवस खणत होता.
दुसरा निघाला नाही.
म्हशी अंग घासतात, त्यानं चकाकतोय.

परवा अंगडीचा नातू आला, घर विकायला.
मी वही उघडून बाकी दाखवली.
तो हसला, पाचशेची नोट काढली.
म्हटलं, सुटे नाहीत.
म्हणाला, सगळेच ठेवा.
म्हटलं, तेवढं येणं नाही आमचं.
मी वही मिटली, कपाटात ठेवली,
दार नीट लागत नाही, गुडघ्यानं दाबलं.
तो दारात थांबून विचारतो,
"मग क्लब हाय अजून?"
"बाकी हाय की."