अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी

मे महिन्यात साडेसहाला, ऊन जरा पिवळं पडलं की
मी सबस्टेशनच्या मागे बादली घेऊन जाते.
अकरा खड्डे आहेत. प्रत्येकावर सिमेंटचं झाकण,
झाकणावर चुन्याने आकडा. सातव्याचा पुसलाय.
झाकण ओढणी गुंडाळून सरकवायचं, नाहीतर फोड येतो.
आत मीठ, कोळसा आणि खोल गेलेला पाइप.
माती आधी फुसफुसते. मग पिते.

आयटीआयमधून नवा आलेला रोहिदास उके
पहिल्याच दिवशी विचारतो, "मॅडम, काय लावलं जी इथं?"
म्हटलं, काही उगवू नये म्हणून घालतेय.
तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करते.

पलीकडच्या गच्चीवरून कुंभलकर काकू:
"इकडे नळ दोन दिवसांआड, अन् तू मातीले पाजून राह्यली!"
त्यांचं बरोबर आहे.
पण कोरडी माती करंट घेत नाही, काकू,
आणि जमिनीने नाही घेतला तर तो दुसरं कोणी शोधतो.
हिवरी नगरात मे महिन्यात त्याला फार हिंडावं लागत नाही:
खिडकीखिडकीत पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय,
टाकी भरायच्या घाईत काढायचा राहिलेला प्लग.

त्या रात्री अकरा सत्तेचाळीसला तीन नंबरचा फीडर पडला.
रिलेचा लाल झेंडा खाली. अर्थ फॉल्ट.
लगेच फोन. "लाइन कायले बंद केली?"
"लेकरं झोपून नाही राह्यले, बाई."
एक जण कोणाचा तरी भाचा होता, तो बदलीचं बोलला.
एकदा चार्ज करून बघायची मुभा असते.
मी एकदा बघितलं.
ब्रेकर दणका देऊन पुन्हा उघडला, झेंडा पुन्हा खाली.

साहेब फोनवर म्हणाले, "अजून एकदा मारा. बसली तर बसली."
हात हँडलवर होता माझा. खोटं कशाला बोलू?
शेहेचाळीस डिग्रीचा दिवस उतरला नव्हता,
कंट्रोल रूमच्या भिंती तापलेल्या,
आणि शिव्या देणाऱ्यांत माझ्या गल्लीतले दोन आवाज ओळखीचे.
हात काढला. म्हटलं, शालिक बघून येऊ दे.

शालिक लांजेवार टॉर्च घेऊन लाइनीखालून चालत गेला.
त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं आहेत,
कसं झालं ते तो सांगत नाही, आम्ही विचारत नाही.
बारा वीसला त्याचा फोन:
"तार तुटून पडली, बाई. शिंप्याच्या दुकानामागं.
बाजेच्या पायापासून हातभर.
दोघं झोपले आहेत बाजेवर. उठलेच नाही."
मग जरा थांबून, "उठवू?"
म्हटलं, आधी परमिट घे.

ब्रेकर बाहेर ओढला, कुलूप घातलं, पाटी लावली:
माणसं लाइनवर आहेत.
किल्ली मुठीत धरली ती तीन दहापर्यंत.
नंतर बघितलं तर तळव्यावर तिचे दात उमटलेले.

लॉगबुकात लिहिलं:
फीडर तीन, अर्थ फॉल्ट, एकदा चार्ज, होल्ड नाही,
वाहक तुटलेला, दुरुस्ती पूर्ण. इजा: निरंक.
त्या "एकदा चार्ज"पाशी पेन अडलं.
अर्धा सेकंद. फार तर अर्धा.
तेवढा वेळ ती तार जिवंत होती,
बाजेपासून हातभर, माझ्या हाताने.
रिलेने माझ्यापासून वाचवलं त्यांना,
असा रकाना त्या वहीत नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला रोहिदासने न सांगता बादली उचलली.
मी सातव्या झाकणावर चुन्याने आकडा काढला,
नीट नाही आला, पोटफुगा सात आला.
"याले दोन बादल्या?" त्याने विचारलं.
याले दोन, म्हटलं.
गच्चीवरून काकू ओरडल्या, मी वर बघून हात हलवला.
माती फुसफुसली.
पितेपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो.