मंजिष्ठेचं मूळ देताना

प्रमिला, ओल्या फडक्यात गुंडाळलंय
ते करंगळीएवढं मूळ आहे, कचरा समजून फेकू नको.
वरून मातकट दिसतं, नखाने खरवड जरा.
बघ, आत लाल.

आधी माझी फजिती ऐक.
इतवारीतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून
पावशेर मंजिष्ठ आणली होती मी, वाळलेली,
आणि गच्चीवर पुरून
चार महिने पाणी घातलं.
हेडाऊ खालून ओरडायचा,
"काहून बाप्पा, काढा उगवून राह्यला का?"
एकतीस वर्षं मिलच्या रंगखात्यात काढली.
लाल पिंपातून निघतो, पिंपावर नंबर असतो,
सुट्टीच्या भोंग्यानंतर तो नाल्यातून वाहतो,
एवढंच ठाऊक होतं.

खरं रोप मेळघाटातलं.
सेमाडोहच्या अलीकडे गाडी बंद पडली,
मी आडोशाला गेलो, परतताना
एक वेल सदऱ्याला धरून बसली.
सोडवायला गेलो तर बोट खरचटलं.
सुगंती कास्देकर नावाची बाई लाकडं बांधत होती, हसली.
म्हणाली, तिला यायचं आहे, न्या.
आणि विळ्याच्या टोकाने
मुळासकट काढून दिली, खाली ठेवली नाही,
थेट माझ्या हातात.

तर, आता लिहून घे.
तेलाचा पंधरा किलोचा डबा. बुडाला भोकं.
नुसती काळी माती देऊ नको,
एप्रिलमध्ये ती तडकते आणि तडकताना मुळं तोडते.
अर्धी कन्हानची रेती, ओंजळभर शेणखत,
विझलेल्या चुन्याची चिमूट.
मूळ आडवं ठेव, दोन बोटं खोल.
बाभळीची काटकी गाड. दोरी बांधू नको,
तिला आपले आकडे आहेत, ती स्वतःच धरते.
खोड बोटांत फिरवलंस तर चार कडा लागतील,
पानंही चार-चार, एका गाठीभोवती,
जेवायला बसल्यासारखी.

मग मे.
सत्तेचाळीस अंश, आणि ही डोंगराची पोर.
पहिल्या वर्षी पानांचा पापड झाला.
दुसऱ्या वर्षी डबा नेऊन ठेवला
कूलरच्या लोखंडी स्टँडखाली, चार पायांच्या मध्ये,
जिथे वाळ्याच्या ताट्या दिवसभर गळतात.
तेवढ्या हातभर जागेत
सावली, ओल, वाळ्याचा वास, पंप्याची घरघर.
तिला तो डोंगर वाटला की नाही, कोण सांगणार.
तरी वरून मेलीच ती.
उपटू नको.
जुलैत खालून परत आली,
बारीक, लालसर, थोडी रागावलेली.

तीन वर्षं मूळ काढायचं नाही.
तिसऱ्या वर्षी अर्धंच काढ, उरलेलं परत झाक.
सावलीत वाळव, कूट, रात्रभर भिजव.
सूत आधी तुरटीत.
आणि उकळू देऊ नको, बाई, उकळलं की तपकिरी होतं.
पाण्यात बोट घालवेल न घालवेल,
तेवढ्यावर थांबायचं, आणि तिथंच तासभर राहायचं.
आपलं पाणी जड आहे म्हणून सगळे कुरकुरतात,
या रंगाला तेच लागतं.

मी एकच लडी रंगवली.
कुंकू नाही, गेरू नाही, वीट तर नाहीच.
शेडकार्डावरचे सगळे लाल मला तोंडपाठ,
खिडकीत धरून सकाळभर बघत बसलो,
याला नंबर सापडेना.
ती लडी या फडक्याच्या आत आहे, मुळाखाली.
काठाला पुरणार नाही.
पण गल्लीत माग आता तुझा एकटीचाच वाजतो,
दुसऱ्या कुणाला देऊ?

डब्यावर आजची तारीख लिही.
तीन वर्षांनी मी असेन का, ते विचारू नको.
असेन तोवर खिडकीतून विचारत राहीन,
कूलरमध्ये पाणी घातलंस का.