बनी तो बनी

चुंबक जर्मनीहून आला तेव्हा
परभणीत आठवडाभर एकच म्हण फिरली.
जगात जर्मनी, वगैरे.
आता तो कृषी विद्यापीठाच्या मागच्या इमारतीत
पांढऱ्या कणगीसारखा उभा आहे,
पोटात हेलियम, हेलियमभोवती नायट्रोजन,
आणि मधल्या पोकळीत, करंगळीहून बारीक काचेच्या नळीत,
तू.

दगडी ज्वारीच्या दाण्यातलं प्रथिन.
दाणा वाळायला लागला की तू जागं होतंस
एवढं आधीपासून ठाऊक होतं.
बाकीच्यांना घडी असते,
इस्त्रीवाल्याकडून आल्यासारखी; मोडली की काम संपलं.
तुला घडी नाही,
आणि घडीभरही तू एका रूपात राहत नाहीस.
वर्षभर थेंब टांगून पाहिले स्फटिकासाठी.
तळाशी साका बसला, बस्स.

मग तुझा जनुक जिवाणूंना दिला,
त्यांना उपाशी ठेवून एकच खुराक घातला:
पंधरा वजनाचा नायट्रोजन, सोन्याच्या भावाचा.
बिलावर सही करताना वट्टमवार मॅडमनी
चष्मा काढून पुन्हा घातला.

रात्री आधी क्षेत्र सपाट करून घ्यायचं
(सातबाऱ्यावर नसलेलं हे क्षेत्र,
तरी पाटा मारावाच लागतो, तासभर).
बाहेर अकरा वाजताही छत्तीस.
तुला मात्र दहा अंशांवर ठेवलं,
त्याहून उबेत तुझे हायड्रोजन
पाण्याशी अदलाबदल करत पळून जातात.

खाजामामू वॉचमन लाल पट्टीच्या अलीकडे थांबले.
किल्ल्या, बेल्ट, टॉर्च सगळं बाहेर ट्रेमध्ये.
"रातभर काय बघायलाव, मॅडम?"
एक प्रथिन, मी म्हटलं.
"कसं दिसतंय?"
दिसत नाही, मामू. हजार आकारांतून सारखं फिरतं.
आपल्याला ऐकू येते ती सगळ्यांची सरासरी.
"म्हंजे बनलं नाही का अजून?"
बनतच नाही ते.
मामू थोडा वेळ गप्प.
"बनी तो बनी," म्हणाले, "नहीं तो परभनी.
आपलंच हाय मग."

साडेतीनला लाईट गेली.
चुंबकाला फरक पडत नाही,
एकदा सोडलेली वीज त्याच्या तारेत
गोल गोल फिरत राहते, कुणी न ढकलता.
आम्हाला पडतो.
यूपीएसनं अकरा मिनिटं ओढलं, बाराव्याला लाईट आली.

पहाटे पडद्यावर ठिपके.
सगळे एकाच अरुंद पट्ट्यात, आठ ते साडेआठ,
दुपारी एका लिंबाखाली दाटलेल्या शेरडांसारखे.
ग्लायसीन तेवढे वर, आपले आपले.
प्रोलीन नाहीत. त्यांच्याकडे दाखवायला
तो हायड्रोजनच नाही; मी धरून चालले होते.
कोण कुठला हे ओळखायला चार महिने गेले.
एका ठिपक्याला मी तीन वेळा चुकीचं नाव दिलं.

मग एप्रिलमध्ये नळीत
पेशीच्या पडद्याचे बारीक बुडबुडे मिसळले.
रात्रभर मोजणी.
सकाळी शेपटाकडचे पंधरा ठिपके गायब.
मॅडम म्हणाल्या, नमुना सडला, टाकून दे.
मी टाकला नाही.
बाकीचे सगळे जागच्या जागी होते,
तसेच चुळबुळत, तसेच स्वच्छ.
सडलं असतं तर सगळ्यांनाच वास आला असता.

तीनदा पुन्हा केलं. तेच पंधरा.
तिथं तू पडद्याला धरलं होतंस.
ज्याने धरलं ते जड होतं, सावकाश वळतं,
आणि आमच्या कानाला लागेनासं होतं.
उरलेलं तुझं अंग मोकळंच,
भोवतालचं पाणी आवरत.
कोठारात पडलेला दाणा दोन वर्षांनी उगवतो
त्यातला थोडा वाटा या पंधरांचा असावा.
असावा. अजून सिद्ध नाही.

वहीत नोंद केली, शाळेच्या हजेरीसारखी:
एकशे बावन्नपैकी प्रोलीन सात, कायमचे गैरहजर.
आणखी पंधरा गैरहजर.
कारण: कामावर.